एकशे सतरा क्रमांकाची चाचणी

आमच्या कंपनीत मी काटेकोर म्हणून प्रसिद्ध आहे. ही प्रसिद्धी बरीचशी मीच केली आहे. मी चहात साखर वजन करून घालते, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. मी फक्त चमचा वरून सपाट करून घेते.

कंपालामध्ये न्टिंडाच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर आमची कचेरी आहे. आम्ही लसींच्या फ्रिजला लावायची एक छोटी पेटी आणि तिचं सॉफ्टवेअर बनवतो. वीज गेली आणि फ्रिज आठ अंशांच्या वर तापला की पेटीचा भोंगा वाजायला हवा आणि नर्सच्या फोनवर संदेश जायला हवा. देशभर साठ आरोग्य केंद्रांत आमच्या पेट्या आहेत. कीझिटो लुब्वामा आणि त्याचे चार साथी सॉफ्टवेअर लिहितात. मी, एडिथ नानफुका, ते तपासते. त्यांनी केलेल्या चुका मी शोधायच्या, अशी कामाची वाटणी. माझ्या चुका कोणी शोधायच्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मलाही ते कधी खटकलं नव्हतं.

मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या सहीशिवाय एकही नवी आवृत्ती बाहेर जाऊ नये. दोन वर्षं मी हे मागत होते. दोन वर्षं कीझिटो म्हणत होता, “अगं, तू थांबव म्हणशील तेव्हा थांबायचं तर आम्ही म्हातारे होऊ.”

आमच्या संचालिका अचिरो मॅडम उत्तरेकडच्या, अचोली. आम्हा गांडा लोकांसारखं आधी घरच्यांची चौकशी, मग हवापाणी, मग मुद्दा, असं त्यांच्याकडे नसतं. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

“एडिथ, तुझ्या चाचण्या एका सॉफ्टवेअरमध्ये. यांच्या तक्रारींची तिकिटं दुसऱ्यात. तू म्हणतेस, मी सांगितलं होतं. हा म्हणतो, कोणी सांगितलंच नाही. मी काय दोन्ही कानांत वेगवेगळं ऐकत बसू? दोन्ही जोडा. तीन आठवड्यांनी शुक्रवारी मला एकच यादी दाखव. केंद्रांतून आलेली प्रत्येक तक्रार, आणि तिच्यासमोर तुझी चाचणी त्या वेळी काय म्हणत होती ते. तुझी चाचणी ओरडत होती आणि यांनी ऐकलं नाही, असं दिसलं, तर सहीचा हक्क तुझा.”

“आणि तसं नाही दिसलं तर, मॅडम?”

“तर हा विषय पुन्हा माझ्या टेबलावर आणायचा नाही. त्यानंतरच्या सोमवारी नवी आवृत्ती साठही केंद्रांना जाणार आहे, हेही लक्षात ठेवा.”

मी जिना उतरताना अक्षरशः गुणगुणत होते. यादी काय दाखवणार, याबद्दल मला शंका नव्हती. विज्ञान शिकलेल्या माणसाने प्रयोगाआधी निष्कर्षाबद्दल इतकं निश्चिंत असू नये, हे मला शिकवलेलं होतं. पण ते दुसऱ्यांच्या प्रयोगांबद्दल असावं, असा माझा समज होता.

जोडणी कागदावर सोपी होती. माझ्या बाजूला चाचणीच्या पाच अवस्था होत्या: पास, फेल, अडली, केली नाही, पुन्हा करायची. कीझिटोच्या बाजूला तिकिटाच्या एकोणीस अवस्था निघाल्या. त्यांत ‘पाहिलं’, ‘नीट पाहिलं’, ‘वीज आल्यावर पाहू’ आणि ‘कीझिटोच्या डोक्यात आहे’ अशा चार होत्या. या एकोणिसांना माझ्या पाचांशी जुळवायचं होतं. त्यासाठी आम्ही एका बुधवारी दुपारी मोठ्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. माझ्या बाजूला मी एकटी, समोर ते पाच जण.

कीझिटोने लगेच घसा खाकरला. आमच्याकडे लग्न ठरताना मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी जाऊन आपली ओळख करून देतात, तो मोठा सोहळा असतो. दोन्ही बाजूंचे बोलके बुजुर्ग समोरासमोर बसतात आणि एकमेकांना शब्दांत पकडतात. कीझिटोने तोच सूर लावला आणि मला ‘न्याबो’, म्हणजे बाईसाहेब, म्हणून सुरुवात केली.

“न्याबो, आम्ही लांबून आलोय. तुमच्या अंगणात एक सुंदर फूल आहे, असं ऐकलं.”

“पाहुणे वाट चुकले वाटतं,” मी म्हणाले. असं म्हणायचंच असतं.

“चुकलो नाही. आमचा मुलगा ‘नीट पाहिलं’ वयात आलाय. त्याला तुमच्याकडची कोणती मुलगी देता?”

“त्याने नेमकं काय पाहिलं, ते आधी सांगा. मग बघू.”

“बघा, मुलीकडचे नेहमी असे,” तो आपल्या बाजूच्यांना म्हणाला. “मुलगा शिकलेला आहे, सालस आहे, आणि यांना पुरावा हवा.”

“तुमच्या सालस मुलाच्या नावावर मार्चपासून बावीस तिकिटं पडून आहेत.”

“हळू बोला! बुजुर्ग ऐकतायत.”

चार तास लागले. शेवटी ‘कीझिटोच्या डोक्यात आहे’ ही अवस्था मी ‘केली नाही’ला दिली आणि त्यावर टेबल वाजवून हसण्यात आलं. कीझिटोही हसला. मग मी एक नियम घातला, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. एखादं तिकीट बंद करताना लिहिलेल्या शेऱ्यात चाचणीचा क्रमांक आला, तर सॉफ्टवेअरने ते तिकीट आपोआप त्या चाचणीला जोडायचं. मागची सगळी तिकिटंही याच नियमाने जोडून घ्यायची. “कोणी कशाच्या आधारावर काय बंद केलं, ते उघड्यावर येईल,” मी म्हणाले. कीझिटो म्हणाला, “येऊ दे की.” मला तो आव वाटला.

बैठकीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकराला, पहिली पूर्ण यादी तयार झाली. ज्या चाचणीला सर्वांत जास्त तक्रारी जोडल्या गेल्या, ती सर्वांत वर. मी ताजा चहा घेऊन बसले होते. एखादा आवडता खेळ पाहायला बसावं तशी.

सर्वांत वर एकशे सतरा होती. ‘भोंगा बंद करण्याचं बटण.’ केंद्रांतून आलेल्या तक्रारी: सात. फेब्रुवारीपासून चाचणी केल्याची संख्या: एकेचाळीस. पास: एकेचाळीस. चाचणी करणारी: एडिथ नानफुका, एकेचाळीस वेळा.

मी आधी जोडणीवर संशय घेतला. मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर. मग सातही तिकिटं एकामागून एक उघडली.

सातही मोठ्या तळ्यातल्या सेसे बेटांवरच्या एका केंद्रातून, सिस्टर जसिंता नावाच्या नर्सकडून आली होती. यादीत तिकिटाची फक्त पहिली ओळ दिसते. सातांच्या पहिल्या ओळी अशा होत्या: ‘आपण सर्व कसे आहात?’, ‘घरी मुलंबाळं बरी आहेत ना?’, ‘तुम्ही करता त्या कामाबद्दल आभार’ वगैरे. ही तिकिटं मी आठ महिन्यांत अनेकदा यादीत पाहिली होती आणि कोणीतरी चुकून शुभेच्छा पाठवतंय, असं समजून पुढे गेले होते. मी स्वतः गांडा. आमच्याकडे दुःखाची बातमीसुद्धा चौथ्या वाक्याच्या आधी कोणी सांगत नाही, हे मला कळायला हवं होतं. पहिल्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात, अगदी तळाला, लिहिलं होतं:

‘तुमचं यंत्र फारच सभ्य आहे. फ्रिज चौदा अंशांवर गेला तरी ते आवाज चढवत नाही. आमच्या बेटावर फोनला रेंज अधूनमधूनच येते, म्हणून त्याच्या आवाजावरच आमची भिस्त आहे. सवडीने पाहावं.’

खाली कीझिटोचा शेरा होता. ‘चाचणी ११७ दर आठवड्याला पास आहे. भोंग्यात दोष नाही. बंद.’ सातही ठिकाणी तोच.

कचेरीच्या कोपऱ्यात आमचा चाचणीचा फ्रिज आहे. त्यात दूध आणि कीझिटोचं जेवण असतं, आणि बाजूला पेटी लावलेली आहे. मी पेटीची तापमान मोजणारी तार बाहेर काढली आणि माझ्या चहात बुडवली. नऊ. पंधरा. एकतीस. संदेश आला, माझा फोन थरथरला. भोंगा गप्प. मी दोन मिनिटं उभी राहिले. चहा वाया गेला. भोंगा गप्पच.

आता एकशे सतरा क्रमांकाची चाचणी काय आहे, ते सांगायला हवं. सांगताना मला नजर कुठे ठेवावी, ते कळत नाही. मूळ चाचणी बरोबर होती: फ्रिज तापवा, भोंगा वाजतो का ऐका, बटण दाबा, भोंगा थांबतो का ऐका. पण आमच्या खालच्या मजल्यावर एक दंतवैद्य आहेत. जानेवारीत एकदा भोंगा वाजला तेव्हा त्यांच्या खुर्चीतल्या बाईंनी दचकून त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला. बोटाला पट्टी बांधून ते वर आले, आधी माझ्या आईची तब्येत विचारली, आणि मग म्हणाले, “काही करता येईल का?” मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी चाचणीतल्या पायऱ्यांचा क्रम बदलला. आधी बटण दाबायचं, मग फ्रिज तापवायचा. अपेक्षित निकाल: आवाज येऊ नये.

फेब्रुवारीत सॉफ्टवेअरच्या एका दुरुस्तीत भोंग्याला जाणारी आज्ञा तुटली. तेव्हापासून आवाज येत नव्हता. माझी चाचणी म्हणत होती की आवाज येऊ नये. पास.

एकेचाळीस वेळा मी त्या पेटीसमोर कान लावून उभी राहिले, शांतता ऐकली आणि समाधानाने हिरवी खूण केली. प्रयोगशाळेतल्या पहिल्या आठवड्यात शिकवतात: जे दिसत नाही, ते खरोखर नाही की आपल्या साधनालाच दिसत नाही, हे आधी तपासा. त्यासाठी ज्याचा निकाल आधीच माहीत आहे, असा एक नमुना शेजारी ठेवतात. यावर मी मागच्या वर्षी कचेरीत चाळीस मिनिटांचं भाषण दिलं होतं. चित्रांसह.

यानंतर मी जे केलं, ते तितकंच काटेकोर होतं. यादीत प्रत्येक ओळीसमोर एक चौकट असते: ‘अहवालात घ्या’. एकशे सतरासमोरची खूण मी काढली. शेऱ्यात लिहिलं, ‘जोडणीची फेरतपासणी सुरू.’ हे खोटं नव्हतं. मी तपासलंच होतं. आता यादीत सर्वांत वर कीझिटोची एक खरीखुरी चूक आली, आणि तिच्यासमोर माझी लालभडक ‘फेल’. यादी फार सुंदर दिसत होती. भोंगा दुरुस्त करायला कीझिटोला सोमवारनंतर हळूच सांगता आलं असतं. तोपर्यंत सहीचा हक्क माझ्या हातात आला असता आणि मग अशा चुका कधीच झाल्या नसत्या, असंही मी स्वतःला पटवलं. माझं स्वतःशी बोलणं नेहमीच मुद्देसूद असतं.

फक्त केंद्रात नेमकं काय होतंय, याची नोंद हवी, म्हणून दुपारी मी सिस्टर जसिंताला फोन लावला. रेंज मिळेपर्यंत पाच वेळा लावावा लागला. मग माझी आई, माझी भावंडं, कंपालाची हवा, तळ्यावरचा वारा, सगळं विचारून झालं.

“सिस्टर, तो भोंगा,” मी म्हणाले.

“हो हो. त्याचं काही एवढं नाही, न्याबो. आम्ही चालवून घेतलंय.”

“कसं चालवून घेतलंय?”

“दर तीन तासांनी मी थर्मामीटर आत ठेवून पाहते. तापलं असलं की लसींचा डबा काखेत मारायचा आणि धक्क्यावर जायचं. मासेवाल्यांकडे बर्फ असतो. फार भले लोक आहेत. लसींना थोडा वास येतो, पण बाळं काही तक्रार करत नाहीत.” ती हसली. “आणि कानांचं म्हणशील, तर तेही तपासून घेतले.”

“कोणाचे कान?”

“आमच्या तिघींचे. तुमच्याकडून उत्तर आलं ना, तुमच्या तपासणाऱ्या बाई दर आठवड्याला बघतात आणि भोंगा उत्तम वाजतो म्हणून. मी म्हटलं, कंपालाच्या शिकलेल्या बाई आठवड्याला बघतात, म्हणजे दोष आमच्याच कानांत. मुख्य बेटावरच्या डॉक्टरांकडे गेलो बोटीने. माझे ठीक निघाले. दुसऱ्या सिस्टरच्या कानात थोडा मळ होता, तो काढला. तिला आता छान ऐकू येतं. पण भोंगा नाही ऐकू येत.”

मी नोंदीसाठी घेतलेला कागद उलटा केला.

“लेकरा, आहेस ना? त्या बाईंना माझा नमस्कार सांग. एवढं मन लावून काम करतात.”

“सांगते,” मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी चौकटीत पुन्हा खूण केली. धैर्य वगैरे काही नव्हतं. तीन बायका बोटीत बसून कान दाखवायला गेल्या, हे चित्र डोळ्यांसमोर असताना ती चौकट रिकामी ठेवता येईना, इतकंच. मग मी कीझिटोच्या टेबलाशी गेले आणि त्याला यादी दाखवली.

त्याने ती दोनदा वाचली. मला वाटलं, आता हसेल.

“म्हणजे भोंगा फेब्रुवारीपासून वाजत नाही?”

“नाही.”

“आणि मी सात वेळा बंद केलं.” तो मागे टेकला. “एडिथ, दोन वर्षं तू बोंब मारतेस, टेस्टरवर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून. या एका बाबतीत मी डोळे मिटून ठेवला. एकदा तरी उठून ती तार चहात बुडवायला हवी होती मी. पण म्हटलं, एडिथने पाहिलंय ना.”

त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला माझ्याकडे उत्तर तयार असतं.

शुक्रवारी दहा वाजता मी भिंतीवर यादी लावली. अचिरो मॅडम चष्मा लावून पहिल्याच ओळीवर थांबल्या.

“ही एकेचाळीस हिरवी कोणाची?”

“माझी.”

“आणि सात तक्रारी खऱ्या?”

“खऱ्या. काल मी स्वतः पाहिलं. सोमवारची आवृत्ती थांबवावी लागेल, मॅडम. तिच्यातही भोंगा वाजत नाही.”

“थांब, मला नीट समजू दे.” त्यांनी चष्मा काढला. “तू मला सांगत्येस की तुझ्या शब्दावर आवृत्ती थांबवा. कारण काय, तर तुझा शब्द एकेचाळीस वेळा चुकला.”

“हो, मॅडम.”

कीझिटोच्या बाजूचा एक जण खोकला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिल्यावर खोकला थांबला.

“क्रम का बदलला होतास?”

“खालच्या डॉक्टरांना त्रास होऊ नये म्हणून.”

“देवा,” मॅडम म्हणाल्या. “साठ केंद्रांत भोंगा वाजत नाही, कारण आपल्याला एका माणसाला ‘नाही’ म्हणायचं नव्हतं.” मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “सोमवारी काहीही जाणार नाही. आजच साठही केंद्रांना फोन करा, दर तीन तासांनी थर्मामीटर बघा म्हणून सांगा. भोंगा वाजतो हे मी माझ्या कानांनी ऐकेन, मगच आवृत्ती बाहेर जाईल. आणि सहीचा हक्क कोणालाच नाही. केंद्राची तक्रार उघडी असेल आणि तिला जोडलेली चाचणी पास दाखवत असेल, तर आवृत्ती आपोआप अडली पाहिजे. तुमचं ते जोडकाम हे करू शकतं का?”

“करू शकतं,” मी आणि कीझिटो एकदमच म्हणालो.

“मग एडिथ, तुझी सही नकोच. कीझिटो, तुझा भरवसाही नको.”

अशा रीतीने दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या सांगण्यावरून एक आवृत्ती थांबली, आणि त्याच वाक्यात माझा हक्क गेला. मी खाली बसले. आश्चर्य म्हणजे मला हलकं वाटत होतं. त्या हलकेपणावरही मी विश्वास ठेवला नाही. अलीकडे मी माझ्या कोणत्याच निकालावर लगेच विश्वास ठेवत नाही.

साठ केंद्रांना फोन करायला आम्हा सहाही जणांचा उरलेला दिवस गेला. साठ वेळा घरच्यांची चौकशी झाली. सिस्टर जसिंताला मी सांगितलं की दोष तिच्या कानांत नव्हता, त्या तपासणाऱ्या बाईंच्या चाचणीत होता, आणि त्या बाई मीच. ती म्हणाली, “तरी त्या दुसरीचा मळ निघाला ना,” आणि मला धीर देऊ लागली.

पाचच्या सुमाराला कीझिटो खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला. टेबलाच्या माझ्या बाजूला कोणी बसण्याची ती पहिलीच वेळ.

“एकूण चाचण्या किती तुझ्या?” त्याने विचारलं.

“तीनशे बारा.”

“त्यांतल्या किती चाचण्यांत काहीतरी होऊ नये, असं लिहिलंय?”

मी यादीत शोधून पाहिलं. एकोणनव्वद निघाल्या. पहिली होती क्रमांक तीन: ‘रजेवर असलेल्या नर्सला संदेश जाऊ नये.’ दोनशे सहा वेळा पास.

“आणि कामावर असलेल्या नर्सला जातो का, हे त्यात कधी पाहिलंस?” कीझिटोने विचारलं.

मी चहा आणायला उठले.

“दोन कप आण,” तो म्हणाला. “एक तारेसाठी.”